सरांचा अर्धा तलाव

आम्ही ढिवर. तलावात मासे धरायचे, बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, शिंगाडे लावायचे, आणि दोन्ही नसेल तेव्हा दुसऱ्याच्या बांधीत, भातखाचरात, धान रोवायला जायचं, एवढं आमच्या घरात सगळ्यांना येत होतं. वाचता मात्र माय-बाबांना येत नव्हतं. मी सहावीत होते त्या वर्षी पाऊस आला तसा गेला आणि गावचा तलाव भरलाच नाही. उन्हाळ्यात त्याच्या पोटात गाई चरल्या. बाबांनी जाळं धुऊन आढ्याला टांगून ठेवलं, त्यात चिमणीनं घर केलं, आणि माय रोज सकाळी तिच्याकडे बघून म्हणायची, "चाला, जाळ्यात काईतरी तं आलं." भातासोबत अंबाडीची भाजी, आणि तीही नसली की नुसतं तिखट-मीठ. माझी मोठी बहीण पाचवीतच शाळा सोडून मायबरोबर रोवणीला जायला लागली होती.

दिवाळी झाली की मुकादमाची पिकअप गावात यायची आणि अर्धं गाव तेलंगणात कापूस वेचायला घेऊन जायची. कापसाला बारीक बोटं लागतात, असं मुकादम म्हणायचा आणि पोरांच्या हातांकडे बघायचा. त्या वर्षी माय, बाबा आणि बहीण गेले. मी लहान म्हणून मावशीकडे राहिले. पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, पण नव्यानं सोडलेले मासे दिवाळीपर्यंत बोटाएवढेच होते. म्हणजे पुन्हा पिकअप. आणि या खेपेला मी लहान नव्हते. मुकादमानं माझे हात बघून ठेवले होते.

हे कुणाला कीव यावी म्हणून सांगत नाही. सरांचं सांगायचं तर आम्ही कुठे उभे होतो ते आधी कळायला हवं.

सर ऊर्जानगरचे. वीजकेंद्राच्या क्वार्टरात वाढलेले, नळाचं पाणी पिऊन मोठे झालेले. आधी एटापल्लीच्या बाजूला नोकरी करून आमच्या कुरखेड्याकडच्या शाळेत बदलून आले होते. त्यांच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांच्या थैल्या होत्या. रस्त्यात पडलेली वस्तू उचलल्याशिवाय ती गाडी पुढे जात नसे. सायकलची फाटकी ट्यूब, बांबूच्या कामट्या, फुटक्या बांगड्या, औषधांच्या बाटल्यांची झाकणं, एकदा तर बैलाच्या गळ्यातली फुटकी घंटा. गावातली माणसं आधी हसली, मग आपल्याच घरचा कचरा शाळेच्या फाटकाशी आणून ठेवायला लागली. सर प्रत्येकाला थँक्यू म्हणायचे. आमच्या गावात त्याआधी कुणी कुणाला कचऱ्यासाठी थँक्यू म्हटलं नव्हतं.

वर्गात आले की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकोन आखायचे. तो चौकोन त्यांना कधी धड आखता आला नाही. त्यात लिहायचे, "आजची माझी चूक". खालची जागा रिकामी. दिवसभरात ज्याला सरांची चूक सापडेल त्यानं उठून ती तिथे लिहायची, खाली आपलं नाव टाकायचं आणि सरांच्या खिशातले मूठभर फुटाणे घ्यायचे. आम्हाला पहिले पंधरा दिवस हे खरंच वाटेना. गुरुजींची चूक काढायची म्हणजे मार, एवढं आम्हाला ठाऊक. मग एक दिवस सर शर्ट उलटा घालून आले. शिवण बाहेर, कॉलरची चिठ्ठी बाहेर. प्रार्थना झाली, हजेरी झाली, गणित झालं, कुणी तोंड उघडेना. हेडसर दारातून बघून गेले, तेही काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीनंतर वनिता उठली. वनिता म्हणजे माझी मैत्रीण, शेजारच्या बाकावरची. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सर, तुमचा आंगडा उलटा हाय."

सरांनी दोन्ही खिसे तिच्या ओंजळीत रिकामे केले. म्हणाले, "सकाळपासून वाट पाहून राह्यलो. मले वाटलं आता घरी असाच जा लागते."

त्या दिवसापासून वर्गात त्यांच्यावर अशी नजर बसली की बिचाऱ्यांना जांभई देता येईना.

त्यांचं दुसरं बोलणं म्हणजे "हात लावा". काही दाखवायचं असलं की ते ठेवायचे, बाजूला व्हायचे आणि म्हणायचे, "पाहून काय राह्यले? हात लावा." भाजीच्या देठातून लाल शाई वर चढताना आम्ही पाहिली ती हात लावूनच. झाडाची उंची काढली ती सावलीवर आडवं पडून. हेडसरांचा जेवणाचा डबा आणि आमचे सगळ्यांचे डबे बांबूच्या तराजूत घालून पाहिले, आणि हेडसरांचा डबा जड निघाल्यावर ते दोन दिवस सरांशी बोलले नव्हते.

पण खरी मजा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या चार दिवसांत. इतर शाळांत त्या दिवसांत मुलं पेंगतात आणि गुरुजी कागद भरतात. आमचे सर त्या चार दिवसांत वर्षातलं सगळ्यात मोठं काम काढायचे, आणि ते कधीच पूर्ण होऊ द्यायचे नाहीत. मुलं रंगात आली, आता एक तास मिळाला की झालं, असं वाटायला लागलं की हे टाळी वाजवायचे. "बस. अर्धंच राहू द्या." मग त्या अर्ध्या कामाचा एकेक तुकडा एकेकाच्या हातात द्यायचे. घरी न्या, सांभाळा, सुट्टीनंतर घेऊन या.

मी सहावीत असताना आकाशकंदील होते. कोन मोजून कामट्या कापल्या, बारा-बारा पाकळ्यांचे सांगाडे बांधले, कागद चिकटवायला घेतला आणि अर्ध्यावर टाळी. ऐन दिवाळीत गावभर एका बाजूनं उघडे कंदील लटकत होते. एका बाईनं शाळेत येऊन सरांना विचारलं की दिवाळी झाल्यावर कंदील पूर्ण करून काय त्यात कोंबडी बसवायची. सर म्हणाले, बसवून पाहा, बसली तर मला सांगा. सुट्टी संपल्यावर सगळे कंदील पूर्ण झाले, शाळेच्या व्हरांड्यात लागले, आणि मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, आलेले परगावचे पाहुणे विचारत राहिले की इथे दिवाळी आता आहे का.

हेडसरांनी एकदा आमच्यासमोरच विचारलं, "सर, हे सुट्टीच्या आधीच पुरं काऊन नाई करत तुमी?"

"पुरं झालं तं पोरं काऊन येतीन, सर?" एवढंच ते म्हणाले आणि हजेरीपटाकडे बघत राहिले. सुट्टीनंतर त्या पटावर दर वर्षी काही नावांपुढे नुसत्या रेघा असायच्या. मला ते तेव्हा नीट कळलं नाही.

सातवीत त्यांनी तलाव काढला. शाळेच्या मागच्या अंगणात चिकणमातीचा आमचा तलाव करायचा. पाळ, तुडूम, सांडवा, खालच्या बांध्या, सगळं. तुडूम उघडलं की खरं पाणी खालच्या मातीच्या बांध्यांत गेलं पाहिजे. तुडूम म्हणजे पाळीतलं, तलावाच्या मातीच्या बांधातलं, ते दार, जिथून शेतीला पाणी सोडतात. दोन दिवस आम्ही पावलं टाकून तलावाचा घेर मोजला, तिसऱ्या दिवशी पाळ घातली. मग सर स्वतः चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मधोमध एक खोल खड्डा केला. कढईसारखा.

मी उभी राहिले. म्हटलं, "सर, चूक."

"कुठी?"

"खोल मधात नाई राहत. खोल पाळीपाशी राहते, तुडमाजवळ. मधात तं उन्हाळ्यात म्हशी बसतात."

सरांनी खड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग असे हसले की जणू त्यांना बक्षीस लागलं. उठून धावत वर्गात गेले, फळ्यावर स्वतःच्या हातानं ती चूक लिहिली आणि मला दोन मुठी फुटाणे दिले. म्हणाले, "मी पुस्तकात पाहून राह्यलो अन् हे पोरगी तलावात." मग विचारलं, की कुठे किती खोल, हे नक्की कोणाला माहीत असेल. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. बाबांशिवाय दुसरं कोण?

संध्याकाळी सर तलावावर आले. बाबांनी डोंगा काठाला लावला. एका लाकडाचा, अरुंद, बसलं की हलतो. सरांनी एक पाय आत टाकला, डोंगा हलला, आणि ते असे परत उडाले की पाळीवरच्या बगळ्यांनीही जागा बदलली. त्यांना पोहता येत नव्हतं. बाबा म्हणाले, गुरुजी, इथे पाणी छातीएवढंच आहे. सर म्हणाले, छाती कोणाची? मग ते छत्री उघडून पाळीवर बसले आणि काम माझ्यावर आलं. माझ्या हातात वीस रकाने आखलेला एक कागद दिला. वीस ठिकाणं, वीस मापं. सुट्टीत बाबांबरोबर मोजायची, कागदावर लिहायची, आणि सुट्टीनंतर आणायची.

"तू नाई आली तं तलावाले बूड नाई," ते म्हणाले. बाबा वल्हं पुसत होते. त्यांनी ऐकलं आणि पुसलेलं वल्हं पुन्हा पुसायला घेतलं.

दिवाळीच्या चार दिवसांत आम्ही बापलेकींनी तलाव मोजला. आमच्यात मोजतात तसाच. एका दोरीला खाली दगड बांधायचा, सोडायचा, तळ लागला की पाण्याच्या रेषेवर गाठ मारायची, आणि ती गाठ कुठली हे लक्षात राहावं म्हणून तिच्यात काहीतरी अडकवायचं. तुडमापाशी लाल चिंधी. कमळांपाशी हिरवा धागा. जुनं मोहाचं खोड पाण्याखाली आहे तिथे सालीचा तुकडा. शिंपले सापडतात तिथे शिंपला. बाबांच्या बाबांनीही असंच केलेलं. दोरी हातात घेतली की आमच्या घरात कुणीही सांगेल, हे कुठलं पाणी. सरांचा कागद घरी पाटीखाली तसाच कोरा राहिला. मला तो भरायची गरजच वाटली नाही. सगळं तर दोरीवर लिहिलेलं होतं.

शाळा सोमवारी उघडणार होती आणि पिकअप मंगळवारी सकाळी येणार होती. मायनं मला सोमवारी घरीच ठेवलं, भांडी बांधायला. मी रविवारीच दोरी गुंडाळून वनिताकडे दिली. म्हटलं, सरांना दे, यात सगळं आहे. घरी येऊन माझं दप्तर आढ्यावर जाळ्याच्या शेजारी टांगलं. माय म्हणाली, तिथं उंदीर नाई जात. ती माझ्यापेक्षा जास्त सांभाळून बोलत होती.

सोमवारी संध्याकाळी वनिता आली. सांगायला लागली, सरांनी दोरी अंगणात पसरली, पट्टी लावून वीसही गाठी मोजल्या, आणि मग डोकं धरून बसले. माप आहे पण जागा नाही. ही गाठ कुठली अन् ती कुठली, कुणालाच कळेना. एकानं सांगितलं शिंपला म्हणजे महादेवाच्या देवळाकडचा घाट. दुसऱ्यानं सांगितलं लाल चिंधी म्हणजे धोका. वनिता म्हणाली, "सर शाळा सुटली तरी तिथीच बसून होते. दोरीकडे पाहून राह्यले होते, साप असल्यासारखे."

मला हसू आलं आणि लगेच मावळलं. चूक माझी होती. मला वाटलं होतं, ती दोरी कुणालाही वाचता येते.

मंगळवारी सकाळी पिकअप समाजमंदिरासमोर उभी राहिली. गाठोडी चढत होती. बहीण वर जाऊन बसली होती, माय खालून हंडे देत होती, मी हातात चूल पेटवायची फुंकणी घेऊन उभी होते. तेवढ्यात गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बघते तर शाळेकडून एक रांग येते आहे. सगळ्यात पुढे सर, खांद्यावर दोरीचं टोक, आणि त्यांच्या मागे माझा अख्खा वर्ग, एकेका गाठीला एकेक जण धरून, दोरी ताणलेली. गुंता होऊ नये म्हणून. शेवटी दगड होता, तो वनितानं पोटाशी धरला होता. गावातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, रथ ओढून राह्यले का मास्तर?

सर सरळ बाबांसमोर आले. मला वाटलं आता शाळेचं भाषण होईल, पोरीला ठेवा, शिकवा. तसं काहीच झालं नाही. त्यांनी दोरीचं टोक बाबांपुढे धरलं.

"भाऊ, एवढं वाचून द्या. मले वाचता येत नाई."

बाबा ओशाळले. "काऊन थट्टा करता गुरुजी? मले अक्षर नाई येत."

"अक्षर मले येते. हे नाई येत. काल दिवसभर बसलो मी."

"मंग हिले विचारा ना. हिले येते." बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

सर म्हणाले, "हिले येते. पण ही तं चालली."

मुकादम ड्रायव्हरला काहीतरी सांगता सांगता वळून बघायला लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या फुंकणीकडे. मग खांद्यावरचं गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि पहिली गाठ हातात घेतली.

"हे लाल. हे तुडूम. सगळ्यात खोल इथी. हे हिरवं, कमळाचं पाणी. हे साल, मोहाचं खोड, इथी मरळ राहते, पण कोणाले सांगू नका." मुलं वहीत लिहायला लागली. सर स्वतः जमिनीवर मांडी घालून लिहीत होते. बाबांचा आवाज मोठा होत गेला. आमच्याकडे दिवाळीनंतर नाटकं होतात, त्यात राजा येतो तेव्हा बोलतो तसे ते एकेक गाठ पुकारत गाडीच्या कडेनं पुढे चालले. शिंपला झाला. मायच्या पोलक्याचं बटण झालं, तिथे तिचा विळा पडला होता. मग एका गाठीत बिडीच्या कट्ट्याचा दोरा होता. तिथे बाबा अडले.

"हे… इथी मी बसतो."

"बसतो म्हंजे?" हंडा हातात धरून मायनं विचारलं.

"डोंगा लावून. झाडाखाली."

"अन् मले सांगता दिवसभर जाळं टाकलं."

सगळा गाव हसला. ड्रायव्हर हसला. सरांनी मान खाली घालून लिहिलं, भाऊंची बसायची जागा, आणि समोर माप टाकलं.

अकरा-बारा गाठी झाल्या असतील. मुकादमानं खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवला. एकदा, दोनदा. बाबांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांब ना गा," ते म्हणाले, "वाचून राह्यलो."

माझ्या बाबांच्या तोंडून तो शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यांनीही बहुतेक नव्हता ऐकला, कारण उरलेल्या गाठी त्यांनी जास्त सावकाश वाचल्या.

वीस झाल्यावर म्हणाले, असं सांगून होत नाही, हातानं करावं लागेल. आणि निघाले शाळेकडे. पुढे बाबा, मागे सर, मागे वर्ग. मी मायकडे पाहिलं. तिनं फुंकणी माझ्या हातातून काढून घेतली. मी पळाले.

अंगणात बाबांनी धोतर खोचलं, चिखलात बसले आणि बोटांनी तलावाचं बूड केलं. सर बाजूला उभे राहून "हात लावा रे" म्हणत होते, आणि थोड्या वेळानं बाबाही मुलांना तेच म्हणायला लागले. सरांनी केलेला कढईसारखा खड्डा बुजवताना बाबांनी विचारलं, हे कोणत्या म्हशीनं केलं. वर्गानं सरांकडे बोट केलं. सरांनी मान डोलावली आणि बाबांना फुटाणे दिले.

तासाभरानं माय आली, डोक्यावर गाठोडं, मागे बहीण. पिकअप निघून गेली होती.

"गेली गाडी," ती म्हणाली. "आता हा तलाव खा." मग दोन मिनिटं तिथेच उभी राहिली, आणि गाठोडं उतरवून वाकली. "घाट इथी नाई. आणखी अलीकडे. रोज धुणं मी धुतो का तुमी?" आणि तिनं घाट हलवला.

मुकादमाची दुसरी खेप दुसऱ्या दिवशी होती. अंगणातच हातपाय धुताना बाबांनी मायला सांगितलं, "उद्या आपण तिघं जाऊ. हे राहीन मावशीपाशी. हिचं काम अर्धं हाय."

"अन् हिच्या वाट्याचा कापूस?"

"मी येचतो. माही बोटं का मोडली?"

घरी गेल्यावर मायनं आढ्यावरून माझं दप्तर काढलं आणि पदरानं पुसलं. माझी बहीण उंबऱ्यात बसून बघत होती. तिच्या दप्तराचं कुणी असं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं आणि आजही टोचतं. तीच मला नंतर म्हणाली, आता नीट शिक बाप्पा, नाहीतर मी तुला सोडणार नाही.

आता सरांचा स्वभाव बघा. बूड झालं, पाळ झाली, तुडूम बसलं, नुसतं पाणी सोडायचं राहिलं. वर्ग बादल्या घेऊन उभा. सरांनी टाळी वाजवली. "बस. अर्धंच राहू द्या." पाणी भाऊ परत आल्यावर. हेडसरांनी कपाळावर हात मारला. तीन महिने आम्ही त्या मातीच्या तलावाला ताडपत्रीखाली जपलं, भेगा पडल्या की लिंपलं, एक कोंबडी आत अंडं घालून गेली तेही सांडव्यात सापडलं. होळीच्या आधी बाबा परतले. घरी गाठोडं ठेवून थेट शाळेत आले. आम्ही पाणी भरलं, त्यांनी बोटानं तुडूम उघडलं, आणि पाणी खालच्या बांध्यांत असं सरसर गेलं की सगळे ओरडले. फक्त सर मागे सरकले. पायाला पाणी लागलं होतं.

त्यानंतर दर दिवाळीला माझं काहीतरी अर्धं असायचंच. आठवीत मी मोठ्या गावच्या शाळेत गेले, तरी सर सुट्टीच्या आधी रस्त्यात गाठून काहीतरी हातात ठेवायचे. कधी अर्धं सोडवलेलं गणित, कधी उघडून ठेवलेलं घड्याळ. बाबा विचारायचे, यंदा काय अर्धं हाय? मी दाखवायचे. ते मायला सांगायचे, हाय बरं. विषय संपायचा. पुढे तलाव चांगला भरायला लागला आणि पिकअपची गरज कमी झाली, पण विचारायची सवय राहिली. बारावी झाली, कॉलेज झालं. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात माशाचे कल्ले काढायचे होते, तेव्हा वर्गातल्या शहरी मुली नाक धरून उभ्या होत्या. मी म्हटलं, पाहून काय राह्यल्या, हात लावा.

सर आता निवृत्त झालेत, ऊर्जानगरजवळ राहतात. मागच्या वर्षी शेवटचा निकाल लागला तेव्हा मी आणि बाबा बसनं त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या दाराशी त्या सिमेंटच्या थैल्या अजून होत्या, जास्तच भरलेल्या. त्यांनी चष्मा लावून माझी गुणपत्रिका वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून मागची कोरी बाजू पाहिली, उजेडात धरून पाहिली.

"चूक नाई सापडून राह्यली," म्हणाले. "आता फुटाणे कोणाले द्यायचे?"

बाबांनी हात पुढे केला.

मग सरांनी विचारलं, यंदा काय अर्धं आहे. मी सांगितलं, यंदा काहीच अर्धं नाही. मी बी.एस्सी. पूर्ण केलं, पहिल्या वर्गात. आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.